ताई, पाळकांना सांगू की डॉक्टरांना?

मागच्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की आपल्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, आता बायबलवर आधारलेलं कौन्सेलिंग सुरू व्हायला लागलंय, कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं चारपाच पत्रं येतील. पिशवी भरली, आणि व्हॉट्सअॅपवर आली ती वेगळीच, त्यातली काही तर रात्री दोनला टाइप केलेली. नावं काढलीत, एरियाही एकदोघांचा बदललाय, कारण पुण्यात आपण ख्रिस्ती लोक एकमेकांना किती ओळखतो ते माहितीये ना, क्वार्टर गेटला कुणी शिंकलं की खडकीत प्रार्थना सुरू.

सलाम ताई. आमच्या मंडळीत शनिवारी संध्याकाळी संडे स्कूलच्या खोलीत कौन्सेलिंग सुरू केलंय. पाळकसाहेब (पास्टर) तसेही घरभेटी देतात, प्रार्थना करतात, मग यात वेगळं काय? सेशनमधले, म्हणजे मंडळीच्या वडीलजनांच्या समितीतले, काही जण म्हणतात हे अमेरिकेचं फॅड आहे. – एक सभासद, पिंपरी

भाऊ, सेशनवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. हे नाव आणि ही पद्धत तिकडूनच आली. जे अॅडम्स नावाचे एक प्रेस्बिटेरियन पाळक फिलाडेल्फियाच्या वेस्टमिन्स्टर सेमिनरीत शिकवायचे, त्यांनी १९७० मधे पुस्तक काढून सरळ सांगितलं की पाळकांनी माणसांची दुखणी मानसशास्त्रवाल्यांच्या हवाली केली आणि हात झटकले, हे काम मुळात मंडळीचं आहे. त्यांनी धरलेला शब्द ग्रीक, नूथेतेओ, म्हणजे बोध करणं, समजावणं, वेळ पडली तर कान धरणं. बायबलमधे रोमकरांस १५:१४ ला प्रेषित पौल म्हणतो ना, तुम्ही एकमेकांना बोध करायला समर्थ आहात, तिथे हाच शब्द आहे. आणि गंमत बघा, पौल हे नुसत्या पाळकांना लिहीत नाहीये, अख्ख्या मंडळीला लिहितोय, त्यात भांडी घासणाऱ्या बाया आल्या आणि हिशेब लिहिणारे कारकूनही आले.

अॅडम्सच्या मागून जाणाऱ्या काहींनी मात्र कान धरणं तेवढंच उचललं. कुणीही दुःख घेऊन आलं की आधी पाप शोधायचं. मग त्यांच्याच वर्तुळातल्या डेव्हिड पॉवलिसनसारख्यांनी पुढे सांगायला सुरुवात केली की बाबांनो, समोरचा माणूस पापी असतो तसा दुखावलेलाही असतो, आधी नीट ऐका तरी. हे खरं तर शास्त्रातच, म्हणजे बायबलमधेच, आहे. प्रेषितांची कृत्ये २०:३१ मधे पौल म्हणतो की मी तीन वर्षं रात्रंदिवस अश्रू गाळत तुम्हाला बोध केला, तिथेही तोच नूथेतेओ. अश्रू काढून टाकले की नुसता बोध उरतो आणि तो आपल्याकडे भरपूर आहे. १ थेस्सलनी ५:१४ वाचा, बेशिस्तांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी धीराने वागा. तीन तऱ्हांची माणसं आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी. खचलेल्याला ताकीद दिली तर तो मरेल, आणि बेशिस्ताला नुसता धीर देत बसलात तर तो तुमच्याच घरी जेवायला राहील. पण कोण कुठला हे ऐकल्याशिवाय कळणार कसं?

आता घरभेटीचं. घरभेट म्हणजे वीस मिनिटं, चहा, स्तोत्र २३, प्रार्थना, पुढचं घर. ती हवीच. पण त्या वीस मिनिटांत कोण सांगणार आहे की मी आठ महिने नवऱ्याशी बोललेले नाही, शेजारी सासू बसलेली असताना? कौन्सेलिंगमधे तेच माणूस, तीच गोष्ट, सहा आठ आठवडे, दर वेळी तासभर, मधे घरी करायला काहीतरी, म्हणजे एखादा भाग वाचून आपल्या शब्दांत लिहायचा किंवा मुलाला फोन करायचा. पैसे घ्यायचे नाहीत. फक्त एक अट मी प्रत्येक मंडळीला घालते, खोलीत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे मंडळीतलं एक कुटुंब लावा, कारण खोलीला साडेसातला कुलूप लागतं आणि खरी रात्र त्यानंतर सुरू होते. शहरातल्या चांगल्यातल्या चांगल्या कौन्सेलरकडे नसलेली गोष्ट आपल्याकडे एवढीच आहे, आपण त्या माणसाला रविवारी परत भेटतो, बुधवारी भाजी घेताना भेटतो. तेही करायचं नसेल तर खोली उघडू नका.

ताई, माझी मुलगी १९ वर्षांची. तीन महिने झाले, उठत नाही, अंघोळ नाही, उपासनेत गिटार वाजवायची ती खुंटीला टांगलीये. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, पाच आठवडे झाले, थोडा फरक आहे. पण आमच्या कॉटेज मीटिंगमधली (घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभेतली) एक बहीण म्हणते, गोळ्या म्हणजे अविश्वास, हिच्या आयुष्यात लपलेलं पाप आहे, तीन दिवस उपास करून गोळ्या टाकून द्या. मला काही सुचत नाहीये. – एक आई, वानवडी

गोळ्या बंद करू नका. एवढं आधी, बाकी नंतर वाचा. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात आणि मधेच टाकल्या की चक्कर, बेचैनी, झोपेचं खोबरं, आणि आजार उलटायची भीती असते ती वेगळीच. कमी करायच्या तेव्हा डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

आता त्या बहिणीला एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचून दाखवा, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा माणूस, आणि थोड्याच वेळात रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं देवा, माझा प्राण ने. देवदूत आला तर त्याने काय केलं? पाप काढलं नाही, उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, ऊठ आणि खा. एलीयाने खाल्लं आणि परत झोपला. दूत परत आला, परत तेच, ऊठ, खा, पुढचा प्रवास तुला झेपणार नाही. देवाचं बोलणं झालं ते चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. पौलाच्या सोबतचा लूक वैद्य होता, कलस्सैकरांस पत्रात त्याला प्रिय वैद्य म्हटलंय, आणि पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं पोट बिघडायचं तर पौलाने त्याला नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलूयाह नाही. ते शास्त्रात ठेवलंय ना? मग तुमच्या लेकीलाही मंडळीत तसं बसू द्या.

माझी चूक सांगते, लपवून काय करू. बरीच वर्षं झाली, एक मुलगी बाळंत होऊन दीड महिना झालेला, सारखी रडायची, बाळाला घ्यायची नाही. मी गेले, दहा मिनिटं बसले, आणि तिला फिलिप्पैकरांस ४:६ कागदावर छान अक्षरात लिहून दिलं, कशाविषयीही चिंता करू नका, फ्रिजला लाव म्हटलं. लावला तिने. शेवटी तिचा भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेला, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन निघालं, थायरॉइडही बिघडलेलं. वर्षभराने ती मला म्हणाली, ताई, तो कागद बघितला की वाटायचं, मला धड ख्रिस्तीसुद्धा होता येत नाही. नीतिसूत्रे १८:१३ मी पाठ म्हणून दाखवायचे तेव्हा, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं म्हणजे मूर्खपणा. पाठ होतं बरं का.

म्हणून तुमच्या मंडळीने काय करावं ते सांगते. दवाखान्यात कुणीतरी सोबत जावं. गिटारची जागा दुसऱ्याला देऊन टाकू नये. एखाद्या समजूतदार मुलीने संध्याकाळी तिला अर्धा तास चालायला न्यावं, बोलली तर बोलली. आणि आई म्हणून तुम्ही तिला सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटं ठेवायचं नाही, घरातल्या गोळ्या आपल्या ताब्यात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर ससूनला आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात ओपीडी आहे, लाजू नका, आपलेच लोक तिथे रांगेत दिसतील. आणि कुठे प्रार्थनेच्या नावाखाली कुणाला बांधून ठेवत असतील तर, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, हे पाळकसाहेबांनी एकदा वेदीवरून सांगून टाकावं.

मुलाचा साखरपुडा मोडला. मी फक्त मंडळीतल्या एका वडिलांच्या (एल्डरच्या) बायकोला सांगितलं, संध्याकाळपर्यंत तीन ग्रुपवर ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून आलं, मुलाच्या नावासकट. आता मी कुणाकडेच काही बोलणार नाही. – रास्ता पेठ

नका बोलू, मीही नसते बोलले. आपल्यात चहाडीला प्रार्थनेचा विषय असं गोंडस नाव पडलंय. खाली सतरा जणांनी हात जोडलेले आणि अठरावा विचारतो, नक्की काय झालं?

मंडळीत कौन्सेलिंग चालेल की बंद पडेल ते इथेच ठरतं, त्या माणसाला वचनं किती येतात त्यावर नाही. नीतिसूत्रे ११:१३ काढा, चहाडखोर गुप्त गोष्टी फोडतो, विश्वासू झाकून ठेवतो. मी स्वतः वही ठेवते ती कुलपात, फोनवर काही लिहीत नाही, आणि कुणासाठी दुसऱ्याला प्रार्थना करायला सांगायचं असेल तर आधी त्यालाच विचारते, कुणाकुणाला सांगू? पाळकांनासुद्धा विचारल्याशिवाय नाही. पण पोटात ठेवणार नाही अशा गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून टाकते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर. त्या दुसऱ्या बाबतीत पोक्सो कायदा आहे २०१२ चा, कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा, मग तो माणूस पाळक असो की बिशप. मंडळीची बदनामी होईल वगैरे ऐकायचंच नाही.

त्या वडिलांच्या बायकोकडे तुम्ही जा, एकट्या, मत्तय १८ प्रमाणे, आणि सांगा की मला लागलं. बहुतेक त्या रडतील. मग तुम्हालाच त्यांना पाणी द्यावं लागेल, असं होतं खरं.

माझे पती पास्टरेट कमिटीत (मंडळीच्या कारभारी समितीत) आहेत, रविवारी शास्त्रपाठ वाचतात. अकरा वर्षं मारतायत. शेवटी पाळकांना सांगितलं. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, यांनी क्षमा मागितली, हातात हात देऊन प्रार्थना झाली. घरी गेल्यावर का सांगितलंस म्हणून मारलं. पाळक म्हणतात देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे. – नाव नको, एरियापण नको

बहीण, पाळकांनी चुकीचं केलं. वाईट हेतूने नसेल केलं पण चुकलंच. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याच्या शेजारी बसवून खरं बोल म्हणायचं, तिने बोलावं तरी कसं, रात्री त्याच घरात जायचंय ना तिला. हे कौन्सेलिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं, हिंसा असेल तिथे जोडप्याला एकत्र बसवायचं नाही. तिला वेगळं ऐकायचं, त्याला वेगळ्या माणसाने धरायचं, आणि एकत्र बसवायचा दिवस कदाचित कधीच येणार नाही.

मलाखी २:१६ पाळकांनी अर्धंच वाचलं. त्याच वचनात पुढे जुलूम करणाऱ्याबद्दलही बोललंय. क्षमेचं म्हणाल तर क्षमा तुम्ही आणि प्रभू बघा, त्याला वेळ लागो की वर्षं लागोत, पण क्षमा केली म्हणजे घराची किल्ली परत दिली असं होत नाही. पोलिसात जाणं म्हणजे भावाला कोर्टात खेचणं, असं करिंथकरांस पत्र दाखवून कुणी म्हणालं तर त्याला रोमकरांस १३ दाखवा, अधिकारी कशाला नेमलेत ते.

आता कामाचं. जीव धोक्यात वाटला तर ११२, महिलांसाठी १८१. मार लागला की सरकारी दवाखान्यात जाऊन कागद करून घ्या, कशाने लागलं ते खरं सांगा, पडले म्हणू नका. कागद आणि फोटो घरात न ठेवता बहिणीकडे ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, घर त्यांच्या नावावर असलं तरी तुम्हाला तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, त्यांना लांब ठेवायचा आदेशही मिळतो. आणि घटस्फोट घ्यायचा की नाही हे आज ठरवू नका, मीही सांगणार नाही, पण माहीत असू द्या की ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ चा कायदा आहे आणि २००१ ला तो बदलला. त्याआधी आपल्या बाईला नुसत्या छळावर सुटका मिळत नव्हती, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा. आता छळ पुरतो.

पाळकसाहेब, हा अंक तुमच्याकडे येतो हे मला माहीत आहे. कुठल्या मंडळीचं आहे ते मी लिहिणार नाही. पण त्या माणसाला या रविवारी शास्त्रपाठ वाचायला उभं करू नका, आणि महिला मंडळातल्या दोघींना विचारून ठेवा, रात्री बाराला दार वाजलं तर कुणाच्या घरी एक पलंग रिकामा आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलीबाळी केडगावला आणल्या तेव्हा अन्न, छप्पर, शाळा, हाताला काम आणि वचन हे सगळं एकाच आवारात होतं. ते आवार आपल्यापासून तासा दीड तासावर आहे, बघून या.

वडिलांची दारू प्रार्थनेने सुटेल का? एक भाऊ म्हणतात तीन दिवस खोलीत ठेवून प्रार्थना करू. – दापोडी

प्रार्थना करा, पण खोलीत कोंडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोनतीन दिवसांत हातपाय थरथरणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस जाऊ शकतो, हे सैतानामुळे होत नाही, शरीर तसं वागतं. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढायचे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली अवचट पतीपत्नींनी सुरू केलेलं, पुलंच्या मदतीने. तिथून बाहेर आल्यावर मात्र मंडळीचं काम सुरू, कारण जुने मित्र संध्याकाळी सातला हाक मारतात, तेव्हा सातला कुणीतरी मंडळीतलंही दारात उभं पाहिजे. आणि तुमच्या आईलाही कुणीतरी विचारा कशी आहेस म्हणून, ती या सगळ्यात कुणाला दिसतच नाही.

मला हे कौन्सेलिंग शिकायचंय, सर्टिफिकेट कोर्स केला तर बोर्ड लावू शकतो का? – घोरपडी

शिका, जरूर शिका. बोर्डावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहू नका, त्याला रिहॅबिलिटेशन कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. खरं तर बोर्डच नको. वर्षभर मंडळीतल्या एका आजारी माणसाकडे दर आठवड्याला जाऊन बसा आणि पहिले दोन महिने एकही वचन न सांगता परत या. जमलं तर कोर्सची फी भरा.

ताई, पत्नी जाऊन पाच महिने झाले. पहिले आठ दिवस घर भरलेलं, डबे येत होते. आता कुणी येत नाही. मला काही प्रॉब्लेम नाही, गोळ्याबिळ्या नको. पण तुमच्या त्या कौन्सेलिंगमधे माझ्यासारख्याला काही असतं का? – वय ७४, खडकी

काका, सलाम. असतं.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्र आपण नेहमी नावं ठेवायला आठवतो, पण त्यांनी सुरुवात फार चांगली केली होती. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांनी बघितलं. बोलायला लागले तिथे बिघडलं. आपल्या मंडळ्या आठ दिवस बसतात, म्हणजे ईयोबाच्या मित्रांपेक्षा एक दिवस जास्तच, आणि मग समजतात की झालं. पाचव्या महिन्यात यायला पाहिजे. तुमच्या पत्रात चार ठिकाणी चहाचं आलंय, सकाळचा चहा अजून दोन कप होतो आणि एक ओतून द्यावा लागतो, ते मी वर छापलं नाही.

तो दुसरा कप ओतू नका थोडे दिवस. तुमच्या मंडळीतला तरुण संघ शनिवारी सकाळी क्रिकेटला जमतो, तुमच्या गल्लीवरूनच जातात पोरं. मी तुमच्या पाळकांना फोन करून एकदोघांना सात वाजता तुमच्याकडे पाठवायला सांगू का? फक्त चहाला, उपदेश कुणी करणार नाही अशी अट घालून. चालणार असेल तर मला नुसतं हो म्हणून कळवा, आणि साखर किती ते पण.